चायना मालामुळं आपले माग बंद पडायलेत हे कितपत खरं? आणि रॅपियर घ्यावा का नको

पूर्वभाग_पोरगा

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा सोलापूरच्या पूर्व भागात टेरी टॉवेल आणि नॅपकिनचा छोटा कारखाना आहे, १२ माग, त्यातले सध्या ६ चालू आणि ६ धूळ खात. वडील आणि काका दोघं बघतात. मी बी.कॉम. करून पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि मागच्या दिवाळीपासून घरी आलोय. काकांचं एकच पालुपद, सकाळी सूत महाग झालं तरी चायना, दुपारी व्यापाऱ्यानं चेक फिरवला तरी चायना, रात्री लाईट गेली तरी चायनाच. वडलांचं डोकं दुसरीकडं चालतंय, ते म्हणतात १२ चे १२ माग भंगारात काढू आणि बँकेकडून कर्ज घेऊन दोन रॅपियर (धोट्याशिवाय चालणारे फास्ट माग) टाकू. कुठले? तर चायनाचेच! म्हणजे ज्यानं मारलं म्हणायचं त्याच्याच दारात मशीन घ्यायला उभं राहायचं. यावरून घरात तीन दिवस जेवताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

म्हणून मी जरा वाचायला लागलो. २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला फक्त १४ अब्जाचा, म्हणजे तूट ९९ अब्ज. आकडा बघून गरगरायला होतं. पण त्यात मोबाईलचे पार्ट, सोलर, केमिकल, मशिनरी असलं सगळं आहे, आमचा नॅपकिन त्यात कुठं बसतो तेच कळंना.

तर प्रश्न असा, की एखादा देश एवढा मोठा झाला आणि सगळ्या जगाला माल विकायला लागला की आपल्यासारख्या देशातल्या कारखान्यांचं नेमकं काय होतं? सगळे मरतात? का काहींचं भलं पण होतं? आणि जाताजाता, रॅपियर कुणी टाकलाय का, अनुभव सांगा.

---

मिलची_चिमणी

पोरा, आधी एक सांग, जुनी मिल बंद पडली तेव्हा चायना कुठं होता? १८७७ ची मिल ती, साठच्या दशकात कुलूप लागलं. त्यावेळी चीनमधी लोकांना खायला नव्हतं. लक्ष्मी विष्णूचा भोंगा थांबला, नरसिंग गिरजी गेली, जाम मिल गेली, ह्यातल्या एकीलाबी चायनानं हात लावलेला नाही. माझे वडील मिलमधी जॉबर (कामगारांचे मुकादम) होते, भोंग्यावर आमच्या घरातली चूल पेटायची. मिल गेल्यावर त्यांनी दोन माग टाकले, आणि त्यांच्यासारख्या हजारो लोकांनी टाकले, त्यातून तुमचा हा पूर्व भागातला धंदा उभा राहिला. मिल मेली ती जुन्या मशिनीमुळं, भांडणामुळं, मालकांनी नफा काढून घेतला आणि परत घातलाच नाही त्याच्यामुळं. काकांना माझा नमस्कार सांग आणि हे पण सांग.

दुसरं असं की मोठ्या देशाचं कापड येऊन आपल्या बोकांडी बसणं ही काय नवी गोष्ट नाही. मँचेस्टरचं सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं, पण जपानचं कुणी सांगत नाही. १९३० च्या सुमाराला जपान तेव्हाचा चायना होता बघ. स्वस्त कापड, पडलेला येन, आणि मुंबईपासून सोलापूरपर्यंतच्या मिलवाल्यांची हीच बोंब, की जपानी मालानं मारलं. मग १९३३ ला इंग्रज सरकारनं ब्रिटन सोडून बाकीच्यांच्या सुती कापडावर ७५ टक्के ड्युटी लावली. जपाननं काय केलं? आपला कापूस घ्यायचाच बंद केला! म्हणजे मिलवाला हसायला लागला आणि वऱ्हाडातला कापूसवाला रडायला लागला. शेवटी १९३४ ला करार झाला, त्यात सरळ हिशोबच घातला होता, जपाननं १० लाख गाठी कापूस घेतला तर ३२.५ कोटी यार्ड कापड आणू द्यायचं, आणि १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी यार्डापर्यंत.

आता तूच सांग, जपानी कापड वाईट का चांगलं? शेतकऱ्याला विचारशील तर एक उत्तर, मिलवाल्याला विचारशील तर दुसरं. तुझ्या प्रश्नातच गडबड आहे, "आपल्या देशाचं काय होतं" असं नाही विचारायचं, "आपल्या देशातल्या कुणाचं काय होतं" असं विचार.

---

शेंगाचटणी

काका भारी लिहिलंत. जपानचं माहीतच नव्हतं.

मी एका टॉवेल एक्सपोर्टरकडं मर्चंडायझर आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, नाव सांगत नाही. गेली ११ वर्षं बायरचे मेल वाचून डोळे गेलेत माझे, त्यामुळं थोडं आतलं सांगतो.

टॉवेलच्या बाबतीत चायना हा पहिल्या नंबरचा शत्रू नाहीच आहे. अमेरिकेत सुती टॉवेल सगळ्यात जास्त जातो तो भारतातूनच. अडचण अशी की तो सोलापुरातून फार जात नाही, गुजरात आणि पंजाबातल्या दोन-चार प्रचंड मोठ्या कंपन्यांमधून जातो, जिथं सूतकताईपासून पॅकिंगपर्यंत सगळं एका कंपाउंडमध्ये. बायर येतो, त्याला दहा कंटेनर एकाच रंगछटेचे पाहिजेत, आणि आपल्याकडं एकाच ऑर्डरचं सूत रंगवायला तीन डाईंगवाल्यांकडं पळायचं, तिघांचा निळा तीन तऱ्हेचा. युरोपात पाकिस्तानला २०१४ पासून जीएसपी प्लस नावाच्या सवलतीमध्ये ड्युटी नाही आणि आपल्या मालाला लागते, मग फैसलाबाद आणि कराचीवाले आपल्याला तिथं धुतात. देशातल्या देशात पानिपत. पानिपतवाला चादर बनवून वर "सोलापुरी" असं लिहून विकतो, आपल्या चादरीला जीआय (गावाच्या नावाचा कायदेशीर हक्क) असून. पुण्यात रस्त्याच्या कडेला गाडीत ढीग लावून "सोलापुरी चादरी सोलापुरी चादरी" ओरडतात ना, एकदा हातात घेऊन वजन करून बघा फक्त.

मग चायना कुठं येतो? दोन ठिकाणी. एक म्हणजे मायक्रोफायबर. तो आहे पॉलिस्टर, आणि जगातलं निम्म्याहून जास्त पॉलिस्टर चीनमध्येच बनतं. गाड्या पुसायला, सलूनला, जिमला जो नॅपकिन आधी आपला सुती जायचा तिथं आता तो चकचकीत रंगाचा मायक्रोफायबर जातो. आपला माल त्याच्याशी भावात लढूच शकत नाही, कारण तो वेगळाच माल आहे, फक्त काम तेच करतो. हे कुठल्या आकडेवारीत टॉवेलच्या नावानं दिसत नाही, म्हणून लोक म्हणतात चायनाचा टॉवेल येतोय कुठं? अरे टॉवेल येत नाही, टॉवेलची गरज घेऊन जातोय तो.

दुसरं म्हणजे तिसऱ्या देशातलं मार्केट. १९७४ पासून कपड्याच्या धंद्यात कोटा असायचा, अमेरिका-युरोपात कुठल्या देशानं किती माल पाठवायचा ते ठरलेलं. १ जानेवारी २००५ ला तो संपला. चीन डिसेंबर २००१ मध्ये डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) आलेलाच होता, तयारी करून बसलेला. त्या वर्षी युरोपात एवढा माल घुसला की ऑगस्टमध्ये लाखो स्वेटर आणि ब्रा बंदरातच अडकून पडल्या, युरोपवाल्यांनी घाबरून परत मर्यादा घातल्या म्हणून. म्हणजे फ्री ट्रेड फ्री ट्रेड म्हणणारे पण घाबरले. बऱ्याच छोट्या देशांचं कसं होतं की त्या कोट्यामुळंच त्यांना ऑर्डर मिळायची, चीनला जास्त देता येत नाही म्हणून यांना. कोटा गेला, ऑर्डर गेली. माल तुमच्या देशात न येता पण तुमचा कारखाना बंद पडू शकतो, तो असा.

चीनमध्ये हेबेई प्रांतात गाओयांग म्हणून एक गाव आहे, त्यांचं सोलापूर समजा, टॉवेलचंच गाव. आमचे साहेब जाऊन आलेत. तिथं पण घरगुती माग होते आपल्यासारखेच. आल्यावर साहेब म्हणाले सांडपाण्याची सोय एकत्र, वाफ एका ठिकाणाहून पाइपनं सगळ्यांना. आणि आपण? प्यायचं पाणी पण रोज नाही.

---

कडक_भाकरी

हे सगळं शहाणपण ठीक आहे पण तुम्ही लोक चायनाची वकिली कशाला करायलाय?? सीमेवर आपली पोरं मरतात आणि तुम्ही त्यांचं मशीन घेणार. लोकांनी ठरवलं चायना माल घ्यायचा नाही तर एका महिन्यात सरळ होतील. सरकारनं पण ड्युटी लावून टाकावी सगळ्यावर १०० टक्के. संपला विषय.

---

शेंगाचटणी

@कडक_भाकरी भाऊ राग समजतो. पण ज्या मोबाईलवरून हे टाइप केलंत त्यातलं अर्धं सामान काढून ठेवावं लागंल. आणि "सगळ्यावर" ड्युटी लावली तर रंगांच्या कच्च्या मालावर पण लागणार. २०१७-१८ ला चीननं प्रदूषणाच्या नावाखाली आपल्याच केमिकल फॅक्टऱ्या बंद केल्या होत्या आठवतंय का, तेव्हा इकडं डाईंगवाल्यांनी रेट किती वेळा वाढवले? आमच्याकडं एक ऑर्डर त्याच्यात पूर्ण तोट्यात गेली. तिथं कुणी फॅक्टरीचं दार लावलं आणि सोलापुरात टॉवेलचा रंग महागला.

---

काडुना_रिटर्न

मी मूळचा साखर पेठेतला, आता हैदराबादला असतो, पण मधली सहा वर्षं नायजेरियात अकाउंट्सला होतो, दोन वर्षं कानोत आणि नंतर काडुनात. हा धागा बघून राहवलं नाही.

काडुना म्हणजे उत्तर नायजेरियाचं सोलापूर. आपली मिल जशी "जुनी मिल" म्हणून सगळ्या गावाला माहीत तशी तिथं यूएनटीएल नावाची कापड मिल. मजा म्हणजे ती काढली कुणी? हाँगकाँगच्या एका चिनी उद्योगपतीनं, १९६० च्या दशकात. तिथल्या बायका जे छापील सुती कापड नेसतात, झगझगीत वॅक्स प्रिंट, ते तिथं बनायचं. ऐंशीच्या दशकात नायजेरियात कापड उद्योगात लाखो लोक कामाला होते. २००७ ला यूएनटीएल बंद झाली, हजारो कामगार एका दिवसात घरी. नंतर थोडीफार सुरू केली पण जुना भोंगा काय परत वाजला नाही. मी होतो तेव्हा म्हातारे कामगार थकलेल्या देण्यासाठी अजून मोर्चे काढायचे, मला बघून विचारायचे इंडियात पण असंच होतं का? मी म्हणायचो होय, आमच्या गावात अगदी असंच.

तिथं चायनानं मारलं हे खरं आहे, पण कसं मारलं ते ऐका. नायजेरियात कापड आयातीवर बंदी होती! कागदोपत्री कडक. माल यायचा शेजारच्या बेनिन देशात, तिथून ट्रकनं रात्री सीमा ओलांडायची आणि पहाटे कानोच्या बाजारात. आणि कापडाच्या काठावर छापलेलं असायचं "मेड इन नायजेरिया", बंद पडलेल्या मिलच्या नावासकट. डिझाईन पण त्यांचंच चोरलेलं. म्हणजे पानिपतवाला सोलापुरी चादर लिहितो त्याचाच मोठा भाऊ.

पण मी अकाउंट्सचा माणूस, मला बॅलन्सशीट दिसायची. लाईट दिवसातून काही तास, बाकी सगळं जनरेटरवर, बॉयलरचं तेल परवडत नाही, आणि हे सगळं तेलाच्या देशात! पेट्रोलियमचा पैसा आला तसं सरकारनं कारखान्यांकडं बघायचंच सोडलं. चिनी माल नसता आला तर ती मिल अजून आठ-दहा वर्षं खुरडत चालली असती एवढंच माझं मत. आजारी माणसाला सर्दीपण पुरते.

आणि दुसरी बाजू पण लिहितो कारण ती पण बघितलीय. कानोच्या बाजारात ज्या बाईला वर्षाला एक कापड घेणं जमायचं ती तीन घ्यायला लागली. शिंपी वाढले. मशीनवर भरतकाम करणारी पोरं वाढली. गेलेला रोजगार एका जागी होता म्हणून त्याचा मोर्चा निघाला, आलेला रोजगार गल्लीगल्लीत विखुरलेला म्हणून त्याचा कुणी फोटो काढत नाही. पण शिंप्याला पेन्शन नव्हती आणि मिल कामगाराला होती हे पण आहेच.

---

शिलाई_ताई

काडुना दादा तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबले थोडी.

माझं युनिफॉर्मचं युनिट आहे, २२ मशिनी, शाळेचे आणि हॉस्पिटलचे युनिफॉर्म. इथं सगळे विणणारेच बोलतायत, शिवणाऱ्यांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

आमच्यासाठी चायना म्हणजे मशीन, सुया, चेन, बटणं, लेबलचा टेप. माझ्या २२ पैकी १९ शिलाई मशिनी चायनाच्या आहेत आणि त्या नसत्या तर मी धंदा सुरूच करू शकले नसते, जपानी मशीनचा भाव ऐकूनच घरी आले असते. आज माझ्याकडं २६ बायका काम करतात, त्यातल्या निम्म्या आधी बिडी वळायच्या. त्यांच्यासाठी चायना चांगला का वाईट?

पण मला फटका बसतो तो तयार कपड्याचा, आणि तो बांगलादेशातून. आपण २०११ पासून त्यांच्या कपड्यांना ड्युटी माफ केली आहे, शेजारी गरीब देश म्हणून, ठीक आहे. पण त्यांचं बरंचसं कापड येतं कुठून तर चीनमधून. म्हणजे चिनी कापड सरळ इकडं आलं तर ड्युटी, आणि ढाक्यात त्याचा शर्ट शिवून आला तर नाही. २०२५ च्या मे महिन्यात सरकारनं जमिनीवरून येणारा त्यांचा कपडा बंद केला, फक्त दोन बंदरांतून आणा म्हणाले, तेव्हा कुठं मोठ्या दुकानवाल्यांनी माझा फोन उचलायला सुरुवात केली. पण मला त्याचा फार आनंद पण होईना, तिथं पण माझ्याकडच्या बायकांसारख्याच बायका मशीनवर बसलेल्या असणार ना.

आणखी एक. मार्च २०२४ मध्ये सरकारनं बाहेरून येणाऱ्या काही सिंथेटिक निटेड कापडांवर किमान आयात किंमत लावली, रोख चायनावर, किलोला साडेतीन डॉलरच्या खाली आणायचं नाही. सुरतेच्या आणि लुधियान्याच्या विणणाऱ्यांनी पेढे वाटले. मी ट्रॅकसूट शिवते त्याचं कापड तेच, माझं कापड महागलं आणि शाळेशी रेट आधीच ठरलेला! त्या वर्षी ट्रॅकसूट घरचे पैसे घालून दिले. चिमणीकाका म्हणतात ते अगदी पटलं, कापसाचं आणि कापडाचं झालं तसंच कापडाचं आणि शिलाईचं.

---

एमपीएससी_चौथा_अटेम्प्ट

शेवटी माझ्या अभ्यासाचा कुठंतरी उपयोग होणार 😄

पुस्तकात एक गोड गोष्ट असते, की एक देश श्रीमंत झाला की त्याची मजुरी वाढते, मग तो स्वस्तातले धंदे सोडून देतो आणि ते पुढच्या गरीब देशाकडं जातात. जपाननं सोडलं ते कोरिया, तैवान, हाँगकाँगनं उचललं, त्यांनी सोडलं ते चीननं. आता चीनची मजुरी वाढली म्हणजे त्यानं सोडलं पाहिजे आणि आपण उचललं पाहिजे, बरोबर? तर शिलाईतलं थोडं सुटलं, ते व्हिएतनाम आणि बांगलादेशानं उचललं. पण सूत, कापड, रंग, मशीन हे त्यानं सोडलंच नाही, माणसाच्या जागी मशीन बसवली आणि हायटेक पण करतो आणि टॉवेल पण करतो. वरच्या पायरीवर गेला पण खालच्या पायरीवरचा पाय उचलला नाही. २०२४ ला त्यांची सगळ्या जगाशी मिळून व्यापारातली शिल्लक जवळपास एक लाख कोटी डॉलर होती. तिथले लोक स्वतः कमी खर्च करतात, घरांचा बाजार बसलेला, मग कारखान्यात बनलेलं जाणार कुठं, आपल्याकडंच की.

दोन देशांचं सांगतो. ब्राझील: चीननं सोयाबीन आणि लोहखनिज एवढं घेतलं की शेतमालवाले आणि खाणवाले मालामाल, पण बूट बनवणारे रडायला लागले. २०१० मध्ये ब्राझीलनं चिनी बुटाच्या जोडीमागं १३.८५ डॉलर अँटीडंपिंग ड्युटी (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरची जादा ड्युटी) लावली. मग काय, बूट दुसऱ्या आशियाई देशांतून यायला लागले. इंडोनेशिया: तिथली स्रीटेक्स नावाची प्रचंड कापड कंपनी, मध्य जावातली, २०२४ ला दिवाळखोरीत गेली आणि १ मार्च २०२५ ला कायमची बंद, दहा हजारांवर लोक गेले. स्वस्त आयातीवर खापर फुटलं, पण कंपनीवर कर्जाचा डोंगर पण होता. आणि त्याच इंडोनेशियानं जानेवारी २०२० पासून कच्चं निकेल बाहेर द्यायचं बंद केलं, इथं कारखाना टाका मग घ्या, तर चिनी कंपन्यांनीच येऊन भट्ट्या टाकल्या. एकाच देशात एकाच पाहुण्यानं एक घर मोडलं आणि दुसरं बांधलं, आता त्या बांधलेल्या घराचा धूर शेजारचे खातायत ते वेगळं.

आणि आपलंच एक, जे घरी काकांना नक्की आठवत असणार. २०११ ते २०१४ चीन सरकार त्यांच्या शेतकऱ्यांचा कापूस चढ्या भावानं घेऊन गोदामात कोंबत होतं. तिथल्या गिरण्यांना कापूस इतका महाग पडायला लागला की त्यांनी सरळ आपल्याकडचं सूत उचललं. आपल्या सूतगिरण्यांची दिवाळी, आणि मागवाल्याला सूत महाग. मग २०१४ ला चीननं ते धोरण सोडलं आणि गिरण्यांना रडू आलं.

---

लूमवाला_अण्णा

रॅपियरचं कुणीच सांगेना म्हणून मी सांगतो. २०१९ ला चार टाकले, चायनाचेच. युरोपच्या मशीनच्या निम्म्यापेक्षा पण कमीत बसतात. आपल्या साध्या मागापेक्षा तिप्पट तरी काढतो आणि दिसायला फिनिश चांगला. २०२५ च्या बजेटमध्ये मिनिटाला ६५० मीटरच्या आतल्या रॅपियरवरची कस्टम ड्युटी पण काढली, साडेसात टक्के होती, तेवढं वाचंल तुमचं.

पण ऐका. एक, इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं की संपलं. २०२० नंतर त्यांच्या इंजिनिअरला व्हिसा मिळंना, माझा एक लूम ७३ दिवस उभा होता, शेवटी व्हिडिओ कॉलवर तो तिकडून चायनीजमध्ये बोलायला आणि माझा फिटर तेलुगूत, मधी मी. कसं दुरुस्त झालं देवाला माहीत. स्पेअर आधीच घेऊन ठेवा. दोन, साध्या सुतावर चालत नाही, गाठीचं सूत घातलं की तुटतंय, चांगलं सूत घ्यावं लागतं म्हणजे भांडवल जास्त. तीन, लाईट. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, माल तिप्पट निघंल पण घेणार कोण बे? माझ्याकडं दोन वर्षं गोडाऊन भरलेलं होतं. गिऱ्हाईक आधी बघ, लूम नंतर.

---

पूर्वभाग_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. लूमवाले अण्णा, तुमच्या शेवटच्या ओळीवरून मी एक उद्योग केला. काकांकडून जुन्या वह्या मागून घेतल्या, २०१२ पासूनच्या, आणि कोणकोणतं पक्कं गिऱ्हाईक सुटलं त्याची यादी काढली. काका आधी तयार नव्हते, मग स्वतःच शेजारी बसून सांगायला लागले, आठवणी निघाल्या, रात्रीचे दीड वाजले.

एकूण १४ गिऱ्हाईकं सुटली. त्यातली पाच पानिपतच्या मालाकडं गेली. तिघांनी पैसे बुडवले म्हणून आपणच बंद केलं. दोन दुकानं पोरं शिकून नोकरीला गेली म्हणून बंदच झाली. एक मुंबईचा एजंट होता तो म्हणाला वजन कमी येतंय, आणि काकांनी मान्य केलं की त्या काळात सूत महाग होतं म्हणून थोडं हलकं विणलं होतं. २०१३! एमपीएससीवाल्या भावा तुझं बरोबर निघालं, तेच सूत. एक हॉटेलवाला मोठ्या कंपनीच्या टॉवेलकडं गेला. राहिले दोन, एक सलूनचा होलसेलवाला आणि एक कार ॲक्सेसरीजवाला, ते दोघं मायक्रोफायबरकडं.

म्हणजे चौदात दोन थेट चायना, आणि एक सुताच्या वाटेनं आलेला चायना. काका वही मिटून म्हणाले, "तीन म्हणजे कमी आहेत का रे?" मी म्हटलं नाही, पण अकरा जास्त आहेत. काही बोलले नाहीत. सकाळी मात्र स्वतःहून त्या मुंबईच्या एजंटाला फोन लावला, तो अजून धंद्यात आहे, सॅम्पल पाठवा म्हणालाय. जुन्या वजनाचं.

वडलांशी ठरलंय ते असं की १२ चे १२ काढायचे नाहीत. बंद पडलेले ६ काढायचे, एकच रॅपियर घ्यायचा, आणि तो पण आधी एजंटाची ऑर्डर हातात आल्यावर.

---

मिलची_चिमणी

शाब्बास. वही काढलीस हे बरं केलंस, आमच्या मिलमालकांनी काढली नव्हती.

एक विचारू का. रॅपियरला धोटा नाही, कांडी (धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी) लागत नाही, सूत सरळ कोनवरून जातंय. पुढं एकाचे चार रॅपियर झाले तर, तुमच्याकडं कांडी भरायला कोण आहे?

---

पूर्वभाग_पोरगा

एक अक्का आहेत. मी शाळेत होतो तेव्हापासून आहेत, मला डबा त्याच भरवायच्या कधीकधी. मधल्या काळात त्यांची सून पण यायला लागलीय कांडीला.

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. अजून बोललो नाही त्यांच्याशी.

---

शिलाई_ताई

सुनेला मशीन चालवता येतं का विचारून बघ. येत नसंल तरी चालंल, पाठव. अक्कांचं मात्र माझ्याकडं जमायचं नाही रे, त्या वयात सुईत दोरा दिसत नाही.